पुनर्विकास कोणासाठी?

‘जागेचा पुनर्विकास होणार’ या वाक्यात तो करणारा कोण आणि कोणासाठी, हे दिसतच नाही. इंग्लंडमधील स्टॉक्टन-ऑन-टीज येथे मुख्य बाजाररस्ता व टीज नदी यांच्यामध्ये १९७०च्या दशकातील कॅसलगेट हे व्यापारी संकुल उभे होते. ओस पडत चाललेले हे संकुल स्थानिक परिषदेने विकत घेतले आणि डागडुजीऐवजी ते पाडून तेथे नदीकाठचे उद्यान उभारण्याचा पर्याय निवडला. उद्यान भाडे देत नाही, उलट देखभालीचा खर्च मागते. तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो. रिकामे गाळे राखण्यापेक्षा बाजाराला नदी परत देणे अधिक शहाणपणाचे. आपल्या गावातील पडीक जागेविषयी असे वाक्य वाचाल, तेव्हा त्यातील ‘कोण’ आणि ‘कोणासाठी’ आधी शोधा.