‘वयोमानानुसार’ हे निदान नव्हे

सत्तरीतला माणूस सकाळी सदरा घालायला जातो आणि हात खांद्याच्या वर जातच नाही. महिन्याभरापूर्वी हाच माणूस रोज देवळापर्यंत चालत जात होता. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं, दुखायचंच.’ दवाखान्यातही दुखण्याची गोळी मिळते आणि केसपेपरवर ‘वयोमानानुसार’ एवढाच शेरा पडतो. ही हयगय थांबली पाहिजे.

असे दुखणे रुमॅटॉइड संधिवाताचेही असू शकते. पण तो म्हणजे तिशी-चाळिशीतल्या बायकांचा आजार, हा समज घट्ट बसला आहे. त्या वयात तो बायकांना जास्त गाठतो आणि बोटांच्या लहान सांध्यांपासून हळूहळू सुरू होतो, हे खरे. पण साठीनंतर तो पुष्कळदा एकाएकी येतो. खांद्यांसारखे मोठे सांधे धरतो, वजन उतरते, आणि पुरुषांनाही तो मग फारसा सोडत नाही. रक्ततपासणीत शरीरातला दाह दाखवणारा ईएसआर खूप चढलेला असतो. या आजारासाठी रक्तात शोधला जाणारा आरए फॅक्टर मात्र अनेकदा सापडतच नाही.

उलट बाजूही तितकीच काळजीची. ईएसआर वयाबरोबर आपसूक वाढतो. डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असा : पुरुषाच्या वयाचे निम्मे, बाईच्या वयात दहा मिळवून त्याचे निम्मे. म्हणजे ७० वर्षांच्या आजीला ४० पर्यंत चालतो. पण बऱ्याच लॅब सगळ्यांना ‘० ते २०’ ही एकच पट्टी लावतात आणि आजीचे ३८ ठळक छापतात. आरए फॅक्टर तर धडधाकट म्हाताऱ्यांतही निघतो. गुडघे नुसते झिजलेल्या आजीच्या हाती ‘पॉझिटिव्ह’चा कागद पडला की सगळे घर धसका घेते. अँटी-सीसीपी चाचणी त्या मानाने भरवशाची. तरी ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच, असे म्हणता येत नाही.

हिमोग्लोबिनची मर्यादा बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी छापता येते, तर ईएसआरची वयानुसार छापायला काय हरकत आहे? आणि डॉक्टरांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा : सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात? झिजेचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. रुमॅटॉइडचा तासभर, कधी त्याहून जास्त. सांध्यांचे नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सुरू होऊ शकते. त्या सदऱ्यात अडकलेल्या हाताला पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायला सांगू नका.