‘पित्त झालंय’ म्हणून किती सोसायचं?

वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की कंबरदुखी, अंगावरून पांढरं जाणं, रक्त कमी असणं यावर बोलणं होतं. ‘डोकं उठतं आणि उलट्या होतात’ हे मात्र दुखणं म्हणून कुणी मांडतच नाही. मी मुद्दाम विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘पित्ताचा त्रास आहे, उलटी पडली की मोकळं वाटतं.’ मग घशात बोटं घालून उलटी काढायची, डोक्याला फडकं घट्ट आवळायचं आणि फोडणीचा वास सोसत पुन्हा स्वयंपाकाला लागायचं.

अर्धं डोकं ठणकणं, उजेड आणि आवाज नकोसा होणं, मळमळणं ही अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची लक्षणं असू शकतात. मायग्रेन हा मेंदूशी निगडित आजार आहे. मळमळ त्याचाच भाग, खाण्यातल्या चुकीची शिक्षा नव्हे. पुरुषांपेक्षा बायकांत तो सुमारे तिप्पट आढळतो. पाळीच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं, तेव्हा अनेकींचं डोकं उठतं. तरीही घरात आणि दवाखान्यात ‘बायकांचं नेहमीचंच’ म्हणून तो निकालात निघतो.

माझं म्हणणं असं, की डोकेदुखीच्या गोळीबरोबर मळमळीवरही औषध मागणं हा आपला हक्क आहे. मायग्रेन उठलं की जठराचं काम मंदावतं. गिळलेली गोळी पोटात पडून राहते, नाहीतर उलटीतून बाहेर येते. ‘गोळीनं गुण येत नाही’ म्हणून बाई दुसरी घेते, तिसरी घेते. महिन्यातले १०-१५ दिवस अशा गोळ्या महिनोन् महिने पोटात गेल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. मेटोक्लोप्रामाइड, डॉम्पेरिडॉन यांसारखी औषधं सुरुवातीलाच घेतली तर मळमळ कमी होते आणि जठराला गती येते. मग वेदनाशामकालाही काम करता येतं. उलट्या थांबतच नसतील तर इंजेक्शन देता येतं. मेटोक्लोप्रामाइड भारताच्या २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते काही श्रीमंतांचं औषध नव्हे.

पण शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. मेटोक्लोप्रामाइडनं काहींची, विशेषतः तरुण मुलींची, मान किंवा जबडा आखडतो, जीव अस्वस्थ होतो. युरोपच्या औषध नियंत्रकांनी २०१३ साली ते सलग ५ दिवसांहून अधिक देऊ नये असं सांगितलं. हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर डॉम्पेरिडॉन धोक्याचं ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांना सगळं सांगूनच औषध घ्यायचं.

इथेच आपली दुसरी अडचण येते. बाईला उलटी झाली की पहिला प्रश्न, ‘दिवस गेलेत का?’ लग्न झालेलीचं तोंडभर कौतुक, न झालेलीकडे संशयानं पाहणं. मुली मळमळ लपवतात त्या या भीतीनं. गरोदरपणाची चौकशी डॉक्टरांनी जरूर करावी, कारण अर्गोटामाइनच्या गोळ्या गरोदर बाईला चालत नाहीत, शिवाय त्यांनी मळमळ वाढतेही. पण ती चौकशी तिच्याकडे एकटीकडे, आदरानं व्हावी. सासूसमोर, रांगेसमोर नव्हे. आणि ‘नाही’ म्हटल्यावर डोकेदुखीचा विचार तिथेच थांबू नये.

मैत्रिणींनो, आपल्या गटात एवढं तरी करूया. डोकं कधी उठलं, पाळी कधी आली, उलटी झाली का, कोणती गोळी घेतली, हे वहीत किंवा कॅलेंडरवर लिहून दवाखान्यात न्यायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी खुणा कराव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रात मळमळीचं औषध आहे का, हे गटानं मिळून विचारावं. अचानक कधी नव्हे इतकं भयंकर डोकं दुखलं, हातपाय लुळे पडले किंवा तापात मान ताठरली, तर मात्र वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठायचं.

सोसणं हा बाईचा गुण म्हणून आपल्याला शिकवला गेला. ज्या त्रासावर स्वस्तातलं औषध आहे, तो सोसण्यात कसला मोठेपणा?