परळच्या पदपथावरून

या अंकाचा विषय ठरला तो परळच्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर. रिपोर्टांच्या पिशव्या छातीशी धरून बसलेली कुटुंबे आणि समोर टाटा मेमोरियल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. खारघरला त्याचे संशोधन केंद्र आहे. पण आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते मुंबईच्या झोपडपट्ट्यांतले काम. १९९८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी साधे व्हिनेगर वापरून गर्भाशयमुखाची तपासणी केली. सुमारे दीड लाख स्त्रियांच्या या अभ्यासात तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. महागडे यंत्र नाही, प्रयोगशाळाही नाही!

म्हणूनच इमारतीपेक्षा तिच्या भोवतालाकडे आम्ही अधिक पाहिले आहे: वस्तीतली तपासणी, रुग्णांना आसरा देणारी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, उपचार अर्धवट सुटू नयेत म्हणून झटणारे समाजसेवक. गावाहून उपचारांसाठी मुंबईत आलेल्या वाचकांनो, राहण्या-जेवण्याची सोय कशी लागली, कुठे अडले, आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकातली काही पाने तुमच्या पत्रांसाठी राखून ठेवली आहेत.