समुद्रकांठची हिरवळ आणि शेतकऱ्याचीं मुलें

गेल्या चातुर्मासांत एके सायंकाळीं बिबवेवाडी येथील आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी प्रस्तुत लेखकाकडे एक कागद वाचून घेण्याकरितां आले होते. त्यांची अडीच एकर जमीन एके काळीं भाजीपाल्याची होती; आज तींत इमारती उभ्या आहेत. धाकटा मुलगा शेतकीची पदविका घेऊन आखाती देशांत समुद्रकांठच्या एका गोल्फ मैदानावर नोकरीस आहे. कागद त्याच्या बढतीचा होता. तो वाचून दाखविल्यावर म्हातारबुवांस आनंद व्हावयाचा, तो त्यांनीं मान खालीं घातली. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. मी जन्मभर हरळी उपटली, आणि पोरगं परमुलखात जाऊन हरळीच राखतंय. लोकांना काय सांगू मी?"

त्या वेळीं आमच्यानें समाधानकारक उत्तर देववलें नाहीं. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं. शहरालगतच्या गांवांत जमिनी गेल्या, पैसा आला आणि बहुतेक ठिकाणीं तो संपलाही. आतां शेतकऱ्यांचीं मुलें आपल्याच जुन्या शेतांवर उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दारांत पहारेकरी होऊन बसलीं आहेत. अशा वेळीं जें काम शेतकीच्या ज्ञानावर चालतें त्यास हलकें म्हणून नाक मुरडणें आपल्यास परवडणारें नाहीं. हिरवळ राखणें ही हमाली नसून शेतकीच आहे, आणि शेतकऱ्याच्या मुलानें ती विद्या म्हणून शिकावी, असें आमचें स्पष्ट मत झालें आहे. तें कां झालें, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

गोल्फ या खेळाचें मूळ स्कॉटलंडच्या समुद्रकांठीं आहे. तेथें सन १४५७ मध्यें राजानें कायदा करून हा खेळ बंद करण्याचा हुकूम दिला होता, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळांत रमूं लागले होते. ज्या जमिनीवर हा खेळ वाढला तिला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. आपल्या कोंकणांत समुद्र आणि भातखाचरें यांच्या मध्यें जी वाळूची पट्टी असते, जिला आपण पुळण म्हणतों, तिच्याशीं या जमिनीची बरीच जात जुळते. वाळूचे उंचवटे, खारा वारा, मातींत कस नाहीं, नांगर घालून उपयोग नाहीं. आमच्या महसुली भाषेंत अशा जमिनीची नोंद 'पोटखराबा' अशी व्हावयाची आणि आकार शून्य पडावयाचा. परंतु या जमिनीच्या अंगीं एक मोठा गुण होता: पाऊस कितीही पडो, पाणी तिच्यांत साचत नसे. त्यामुळें तेथें फेस्क्यू आणि बेंट या जातींचें बारीक पात्याचें, खोल मुळांचें, काटक गवत आपोआप वाढलें. मेंढ्या व ससे तें खुरटें ठेवीत. गवत कापण्याचें यंत्र इंग्लंडांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं काढलें. त्यापूर्वीं शेंकडों वर्षें या मैदानांचे पहिले राखणदार मेंढ्याच होत्या.

पुढें या कामासाठीं माणूस नेमण्यांत येऊं लागला. त्यास तिकडे 'ग्रीनकीपर' म्हणतात. या धंद्यांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे सेंट अँड्र्यूज येथील टॉम मॉरिस. विणकराचा हा मुलगा १८५१ सालीं प्रेस्टविक येथील मैदानाचा राखणदार झाला. नंतर आपल्या गांवीं परत येऊन १९०३ पर्यंत त्यानें तेथील मैदान सांभाळलें. गवतावर वाळूचा पातळ थर वरचेवर पसरावा म्हणजे मुळें बळकट होतात व पृष्ठभाग सपाट राहतो, ही रीत त्याच्या नांवाशीं जोडली गेली आहे. तेथील जुनें मैदान रविवारीं खेळास बंद ठेवण्याचा प्रघात आजही चालू आहे. जमिनीस विसांवा लागतो, हें पड टाकणाऱ्या आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. परंतु ज्या मैदानावर खेळण्यासाठीं सर्व जगांतून माणसें येतात त्यासही आठवड्यांतून एक दिवस पड मिळते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां या माणसाचें दिवसाचें काम पाहूं. तो पहाटे मैदानावर येतो. लांब लवचीक काठी फिरवून प्रथम तो गवतावरचें दंव झाडतो, कारण ओल्या पात्यावर बुरशी लवकर धरते. मग कापणी. खेळाच्या मुख्य हिरवळीवर गवताची उंची सुमारें चार मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढी ठेवावी लागते. यंत्र रोज निराळ्या दिशेनें चालवावें लागतें. नाहीं तर गवत एकाच अंगावर निजतें. एका कापणींत पात्याचा तिसऱ्या हिश्शापेक्षां अधिक भाग घ्यावयाचा नाहीं. चेंडू ज्यांत जावयाचा तो सव्वाचार इंचांचा खळगा तो वरचेवर हलवितो, कारण माणसांचे पाय एकाच ठिकाणीं पडले तर तेथें गवत मरतें. पायांखालीं घट्ट झालेल्या जमिनींत तो पोकळ दात्यांच्या अवजारानें बोटाएवढीं भोंकें पाडतो व तीं वाळूनें भरतो. कोळपणीनें आपण पृष्ठभागाची पपडी मोडून मुळांस हवा देतों, तोच हा न्याय. मात्र उभ्या गवतास धक्का न लावतां.

खत आणि पाणी यांविषयींची त्याची शिस्त तर आपण मुद्दाम पाहावी अशी आहे. नत्र भरपूर टाकून गवत हिरवेंगार करणें सोपें आहे. परंतु असें गवत लुसलुशीत होतें, त्यास रोग लागतो, आणि नको असलेलें दुसरें गवत त्याच्यांत घुसतें. म्हणून लिंक्सचा जाणता राखणदार खताचा हात आखडता ठेवतो. पाणीही तो रोज शिंपडीत नाहीं. ओल खोलवर जाईल इतकें द्यावयाचें, आणि मग मुळांना ती शोधीत खालीं जाऊं द्यावयाचें, असा त्याचा नियम असतो. उन्हाळ्यांत मैदान पिंगट पडलें तरी तो त्यांत कमीपणा मानीत नाहीं.

आमच्या इकडे काय झालें? नीरेच्या कालव्याचें पाणी आल्यावर निचऱ्याची सोय न करतां आपण उसाला पाणी पाजीत राहिलों आणि चांगल्या जमिनी खारवून घेतल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनीं १९१० सालींच नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. त्या गोष्टीस शंभरांवर वर्षें उलटलीं, तरी बागाईत भागांत क्षारपड जमिनींचें दुखणें गेलेलें नाहीं. ज्यानें शून्य आकाराची वाळू निचऱ्याच्या जोरावर जगांतील मोलवान हिरवळ करून दाखविली, त्याच्यापासून काळ्या जमिनीच्या धन्यानें कांहीं शिकूं नये काय?

येथें कोणी म्हणेल, स्कॉटलंडच्या थंड हवेंतील गवताशीं आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. उष्ण देशांत तीं थंडीचीं गवतें टिकत नाहींत. तेथें ज्या गवतावर हा खेळ चालतो त्यास परदेशांत बर्म्युडा म्हणतात. आपण त्यास शेतांत हरळी म्हणतों आणि गणपतीपुढें दूर्वा. अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत टिफ्टन येथील शेतकी संशोधन केंद्रांत डॉ. ग्लेन बर्टन यांनीं या हरळीचा आफ्रिकेंतील एका बारीक जातीशीं संकर करून १९५६ सालीं 'टिफग्रीन' आणि १९६० सालीं 'टिफवे' हे वाण दिले. हे वाण बीं धरीत नाहींत. त्यांची लावणी काशांनींच करावी लागते. ज्या काशा आपण उन्हाळ्यांत वेचून बांधावर जाळतों, त्यांचेच हे संकरित भाऊबंद तिकडे पैसे मोजून विकत घेतले जातात. आपल्याकडील म्हण खोटी नाहीं, पिकतें तेथें विकत नाहीं.

याच डॉ. बर्टन यांची दुसरी कामगिरी आपल्या अधिक जिव्हाळ्याची आहे. त्यांच्या केंद्रांत तयार झालेल्या 'टिफ्ट २३ अ' या बाजरीच्या वाणाचा उपयोग करून लुधियाना येथें डॉ. अठवाल यांनीं आपल्या देशांतील पहिली संकरित बाजरी काढली व १९६५ सालीं ती 'एच. बी. १' या नांवानें शेतकऱ्यांस मिळाली. पुढें त्या मालिकेंतील वाणांवर गोसावी रोग पडला हें खरें, तरी संकरित बाजरीचा मार्ग तेथूनच मोकळा झाला. गोल्फची हरळी आणि गरिबाची भाकरी एकाच शास्त्रज्ञाच्या हातून सुधारली. त्यांत त्यानें उच्चनीच पाहिलें नाहीं. आपण मात्र पाहतों.

समुद्रकांठीं जेथें पाणीच खारें, तेथें आतां पॅस्पॅलम नांवाचें गवत लावतात. मचूळ पाण्यावरही तें तग धरतें. आपल्या डोंगराळ भागांतील कोद्रा, ज्यास कोंकणांत हरिक म्हणतात, तो याच कुळांतला. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा हेंच गवत सांभाळतो. पाण्यांतील क्षार रोज मोजावे, ते वाढले कीं जमीन धुवून निघेल इतकें पाणी एकदम सोडावें, आणि निचरा बंद पडूं देऊं नये, हें त्याचें काम. लव्हाळा तेथेंही पाठ सोडीत नाहीं, असें तो सांगतो. ज्यास हें सर्व येतें त्यास क्षारपड जमीन सुधारण्याची विद्या निम्मी आलीच म्हणावयाची.

या मतावर दोन आक्षेप निघतील, व ते क्षुल्लक नाहींत. पहिला, हा श्रीमंतांचा खेळ असून तो पाणी पितो. दुसरा, असल्या मैदानांसाठीं शेतजमिनी जातात. दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. या खेळासाठीं पिकाऊ जमिनीचा एक गुंठाही जाऊं नये व विहिरीचें गोडें पाणी त्यास मिळूं नये, असेंच आम्ही म्हणूं. आखातांतील अनेक मैदानें शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर राखलीं जातात. येथेंही तसेंच व्हावें. परंतु मैदानें असावींत कीं नसावींत हा एक प्रश्न, आणि जीं आहेत त्यांवरील काम कोणीं व कोणत्या मानानें करावें हा दुसरा. मुंबईस कुलाब्याला अगदीं समुद्रालगत युनायटेड सर्व्हिसेस क्लबचें मैदान आहे. पुण्यास येरवड्याला आहे. शिवाय घोड्यांच्या शर्यतींचें मैदान, गहुंजे येथील क्रिकेटचें मैदान आणि शहरांतील लहानमोठे बगीचे आहेतच. येथें राबणारे हात पुष्कळ ठिकाणीं आपल्याच माणसांचे असतात. मात्र ते रोजंदारीचे हात असतात. माती तपासून औषध ठरविणारा, पाण्याचा हिशेब मांडणारा अधिकारी दुसरा असतो. हें अंतर जातीचें किंवा नशिबाचें नव्हे, तें शिक्षणाचें आहे.

इतर देशांनीं हें शिक्षण मनावर घेतलें. इंग्लंडांत यॉर्कशायरमधील बिंग्ले येथें १९२९ सालीं हिरवळीच्या संशोधनासाठीं स्वतंत्र संस्था निघाली. स्कॉटलंडांत कूपर येथील एल्मवुड विद्यालयानें ग्रीनकीपर तयार करण्याचें काम अनेक वर्षें केलें. आपल्या संघानेंही शेतकी महाविद्यालयाकडे तीन महिन्यांच्या अशा वर्गाची मागणी करावी, ही आमची पहिली सूचना. वर्गांत माती, निचरा, पाण्यांतील क्षार, यंत्राची दुरुस्ती व हिशेब हे विषय असावेत, आणि प्रवेश शेतकऱ्यांच्या व माळीकाम करणाऱ्यांच्या मुलांस आधीं मिळावा.

दुसरी सूचना शहरालगत दहावीस गुंठे उरलेल्या खातेदारांस आहे. हरळीचे गालिचे कापून विकण्याचा धंदा त्यांस मोहांत पाडील. त्यांनीं सावध असावें. प्रत्येक गालिच्याबरोबर थोडी थोडी माती गाडींत चढते. तिची किंमत बिलांत धरलेली नसते, आणि गेलेली माती परत येत नाहीं. विकावयाच्या तर धुतलेल्या काशा विकाव्या, किंवा वाळूच्या वाफ्यांत वाढविलेलें गवत विकावें. पैसा थोडा कमी मिळेल, पण जमीन जागेवर राहील.

तिसरी गोष्ट सूचना नव्हे, विनंती आहे. मुलगा गवत राखतो हें सांगतांना बापानें मान खालीं घालूं नये. आम्ही तीस वर्षें जमिनीचे उतारे लिहिले. त्यांत जमीन कोणाची हें लिहिलें जातें, ती कोणास कळते हें लिहावयास रकाना नाहीं. ज्यांच्या नांवावर आज उतारा उरला नाहीं, त्यांच्या मुलांपाशीं निदान हें कळणें तरी उरावें. म्हातारबुवा, आपण जन्मभर हरळी उपटलीत म्हणूनच ती कोठें, कशी व किती जोमानें वाढते हें आपल्या घरांत ठाऊक होतें. मुलानें तेंच ज्ञान उलट्या बाजूनें चालविलें आहे. लोकांनीं विचारल्यास, मुलगा परदेशांत शेतकी करतो, असें खुशाल सांगावें. तें अक्षरशः खरें आहे.