खुर्ची दिली, आता गप्प बस

आपल्या छावणीतल्या एका पोराला एका पक्षानं स्वीकृत नगरसेवकपद देऊ केलंय. पोरगा चांगलाय. बोलतो चांगलं, शिकलाय, बॅनरवर शोभून दिसेल. मी विरोध केला तर म्हणाला, 'आत घुसल्याशिवाय काही होत नसतं. तू ती ऑस्ट्रेलियाची सीरियल बघ, टोटल कंट्रोल. आदिवासी बाई आत जाते आणि पंतप्रधानाच्याच बुडाला आग लावते.' बघितली. २०१९ ते २०२४, तिन्ही पर्वं बघितली. आता हे उत्तर त्याला आहे, आणि त्याच्यासारखे जे जे रांगेत उभे आहेत त्यांनाही.

पहिली गोष्ट, सीरियल भिकार नाही. आपल्याकडं पडद्यावर दलित म्हणजे एकतर मार खाणारा नाहीतर मेलेला. तिथं डेबोरा मेलमननं उभी केलेली ॲलेक्स आयर्विंग शिव्या देते, पिते, चुकते, चिडते, कुणाची कीव मागत नाही. पहिलं पर्व रेचेल पर्किन्सनं केलंय. तिचा बाप चार्ल्स पर्किन्स १९६५ साली सिडनीच्या विद्यार्थ्यांची बस घेऊन गावोगाव फिरला, आणि मोरी गावात ज्या पोहण्याच्या तलावात काळ्या पोरांना बंदी होती त्यात त्या पोरांना घेऊन गेला. चवदार तळ्याची पोरं आपण, आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. सीरियलचं नाव आधी 'ब्लॅक बिच' ठेवलं होतं. काळ्या बाईला तिथं हीच शिवी. शिवी उलटी वापरून तिचा दात पाडायचा, असा हिशेब. पण ज्यांनी ती शिवी अंगावर झेललीय त्यांच्यातूनच ओरड झाली, आणि नाव बदललं. माझं विचाराल तर बरोबर झालं. शिवीचं काय करायचं ते शिवी खाणाऱ्यानं ठरवायचं.

आता गोष्ट. क्वीन्सलंडच्या आडगावातली ॲलेक्स एका भयंकर प्रसंगामुळं देशभर गाजते. पंतप्रधान रेचेल अँडरसन, गोरी, हुशार, खुर्ची डळमळलेली. तिला दिसतं, हा चेहरा आपल्या कामाचा आहे. मग सिनेटची रिकामी जागा ॲलेक्सला. फुलं, फोटो, टाळ्या. आणि बाई खरोखरच काम करायला लागली की दगा. तिथून सूड, पक्षाला लाथ, अपक्ष म्हणून लढाई.

खुर्ची देणाऱ्याचा हात शेवटपर्यंत खुर्चीच्या पाठीवरच असतो, हे सीरियलनं नेमकं पकडलंय. आणि यात कल्पना फार नाही. नेव्हिल बॉनर १९७१ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेतला पहिला ॲबोरिजिनल सदस्य झाला. तोही क्वीन्सलंडचाच, तोही सिनेटच्या रिकाम्या जागेवरच. लिबरल पक्षानं बसवलेला. पण गडी कणा असलेला निघाला, कितीदा तरी स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. १९८३ साली पक्षानं त्याला यादीत तिसऱ्या नंबरावर ढकललं, म्हणजे पडणारच अशा जागी. तो राजीनामा देऊन अपक्ष लढला आणि थोडक्यात पडला. बारा वर्षं पक्षाचं भूषण, एका यादीत रद्दी. नोव्हा पेरिस २०१३ साली गेली, फेडरल संसदेतली पहिली आदिवासी बाई. तिलाही पंतप्रधान ज्युलिया गिलार्डनं स्वतः उचलून उमेदवारी दिली होती. २०१६ला ती बाहेर.

इथवर सीरियलचं आणि माझं जमतं. पुढं फाटतं.

कारण सीरियलमध्ये सगळी लढाई होते ती गालिच्यावर. दोन बाया, बंद दारं, फोन, फायली, कोण कुणाचा कधी गेम करतो. बघायला मजा येते, मलाही आली. पण ॲलेक्सच्या मागं रस्ता कुठाय? तिथल्या लोकांना जे काही मिळालं ते गालिच्यावर मिळालेलं नाही. २६ जानेवारी १९७२. गोरे त्या दिवशी ऑस्ट्रेलिया दिन साजरा करतात, काळे लोक त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. सरकारनं जमिनीचा हक्क नाकारला, भाडेपट्टा पुढं केला. तेव्हा चार काळी पोरं कॅनबेरात गेली आणि संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकाठची छत्री रोवून बसली. म्हणाली, आमच्याच देशात आम्ही परके, तर ही आमची वकिलात. जुलैत पोलिसांनी तंबू उखडले. लोकांनी पुन्हा लावले. ती वकिलात आजही तिथं आहे. आणि त्याच १९७२मध्ये मुंबईत आपली पोरं पँथर म्हणून उभी राहिली, राजा ढालेंनी 'साधना'त काळा स्वातंत्र्यदिन लिहिला, कामाठीपुऱ्यापासून वरळीपर्यंत आग पोचली. तेव्हा स्वीकृत कोण होतं रे आपल्यात?

पडद्यावर आदिवासी बाई पंतप्रधानाला घाम फोडते. खऱ्या ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२३ला सार्वमत झालं. मागणी केवढी? आदिवासींचं एक मंडळ घटनेत असावं, त्यानं संसदेला आणि सरकारला आपलं म्हणणं सांगावं. नुसतं सांगावं! नकाराधिकार नाही, पैसा नाही, सत्ता नाही. साठेक टक्के लोक नाही म्हणाले. सहाच्या सहा राज्यं नाही म्हणाली. तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४मध्ये, सीरियलचं तिसरं पर्व झोकात सुरू.

आणि त्या वेळी सरकारात आदिवासी बाई नव्हती काय? होती की! लिंडा बर्नी, आदिवासी खात्याची मंत्री. समोर 'नाही'च्या प्रचाराच्या आघाडीवर कोण? जॅसिंटा प्राइस, तीही सिनेटर, तीही आदिवासी बाई. वसाहतवादाचे दुष्परिणाम आता उरलेले नाहीत असं ती जाहीर बोलली. तिचं मत तिच्याजवळ. पण तिच्या तोंडून ते ऐकताना किती गोऱ्यांना झोप गोड लागली असेल! कांशीरामांनी १९८२ साली 'चमचा युग' लिहिलं ते असल्याच गोष्टीवर. लिडिया थॉर्प तिसरी, तिचा सार्वमताला विरोध उलट बाजूनं, आधी तह करा म्हणून. ऑक्टोबर २०२४मध्ये तिनं राजा चार्ल्सला तोंडावर सुनावलं, तू माझा राजा नाहीस. सिनेटनं तिच्या निषेधाचा ठराव केला. म्हणजे बाई सत्तेत आली, बाई विरोधात आली, बाई ओरडलीसुद्धा. देशात आदिवासी शंभरात चारही नाहीत, तुरुंगात तिनातला एक. कोठडीतल्या मृत्यूंवर १९९१ साली आयोगानं ३३९ शिफारशी दिल्या. त्यानंतर पाचशेवर माणसं कोठडीत मेली.

आपल्याकडं २०२२ साली संथाळ बाई राष्ट्रपती झाल्या. २८ मे २०२३ला संसदेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. फीत कुणी कापली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

मी सत्तेचा सोवळा नाही. बाबासाहेब मंत्रिमंडळात गेलेच होते. पण ते गेले तेव्हा हातात घटना होती, मागं अख्खा समाज होता, आणि हिंदू कोड बिल कुजवलं तेव्हा १९५१ साली राजीनामा फेकून ते बाहेरही आले. १९३२ला पुण्यात आपल्याकडून स्वतंत्र मतदारसंघ काढून घेतले, तेव्हापासून आपला माणूस निवडताना बोट त्यांचं, शाई त्यांची. ॲलेक्सला निदान सिनेटमध्ये मत होतं.

तर गड्या, तुला एवढंच विचारतो. तू त्या साहेबांकडं गेलास, चहा घेतलास, शाल घेतलीस. स्वीकृत नगरसेवकाला सभागृहात बोलता येतं, मतदान करता येत नाही, हे तुला त्यांनी सांगितलं का?