ढाक्याचा कर, दिल्लीचा कांदा आणि आपण

बांगलादेशाने नागपुरी संत्र्यावर २०१९ साली किलोमागे सुमारे २० रुपये आयात कर बसवला. पुढे तो दरवर्षी चढत गेला आणि २०२३ मध्ये ८८ रुपयांवर जाऊन टेकला. ज्या फळाला वरूड-मोर्शीच्या बागेत किलोला वीस-पंचवीस रुपये मिळायची मारामार, त्यावर सीमा ओलांडताना त्याच्या तिप्पट-चौपट कर! विदर्भातून परदेशी जाणारा बहुतेक संत्रा बांगलादेशातच खपत असे. ती वाट अरुंद होताच आंबिया बहाराचा माल इथल्याच बाजारात कोंडला आणि भाव कोसळला. मग निवेदने निघाली, रास्ता रोको झाले, संत्री रस्त्यावर ओतली गेली. राज्य सरकारने नागपूर अधिवेशनाच्या तोंडावर निम्म्या कराचा भार उचलण्याची घोषणा केली. ते अनुदान निर्यातदाराच्या नावाने होते, बागवानाच्या नाही, हे बऱ्याच जणांच्या नंतर लक्षात आले.

या सगळ्या गदारोळात बोट दाखवले गेले ते ढाक्याकडे. परका देश, परके सरकार. शिव्या द्यायला सोयीचे.

पण कांद्याचे काय? सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. वाटेतले ट्रक सीमेवर अडकून सडले. पुढच्याच महिन्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हसत म्हणाल्या की, मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस म्हणून सांगितले आहे. बंदी घालायची तर निदान आधी कळवा. सभागृह हसले. सप्टेंबर २०२० मध्ये आपण पुन्हा तेच केले, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा. संत्र्यावरचा कर हा कांद्याचा सूड आहे, अशी चर्चा संत्रापट्ट्यातल्या पारावर तेव्हा होती. तसे कागदावर कोणी लिहून दिलेले नाही. पण जो शेजारी आपल्या जेवणातल्या जिन्नसासाठी आपल्यावर अवलंबून आहे, त्याला तीनदा न सांगता उपाशी ठेवायचे आणि चौथ्यांदा त्याने आपला संत्रा निमूट घ्यावा अशी अपेक्षा धरायची, हा कोणता व्यवहार?

आणि ती बंदी कोणासाठी होती? अमरावतीच्या राजापेठेत, अकोल्याच्या जठारपेठेत पिशवी घेऊन भाजीला निघणाऱ्या तुमच्या-माझ्यासाठी. कांदा ऐंशी रुपयांवर गेला की आपण आरडाओरडा करतो, वर्तमानपत्रे डोळ्यांतल्या पाण्याचे मथळे देतात, सरकार घाबरते. कांदा दोन रुपयांवर आला तेव्हा आपल्यापैकी एकानेही आरडाओरडा केल्याचे मला आठवत नाही. नाशिक-लासलगावचा शेतकरी बंदीविरुद्ध रस्त्यावर उतरला, तेव्हा मोर्शीचा बागवानही घरीच बसला होता. ते कांद्याचे भांडण, आपला काय संबंध? संबंध पुढे कळला, पण तोवर बाग काळवंडली होती.

दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. आग्नेय आशियातल्या देशांचा तोच आकडा पंचवीसच्या आसपास जातो. सार्क १९८५ साली ढाक्यातच जन्मली. मुक्त व्यापाराचा साफ्टा करार २००६ पासून लागू झाला, पण प्रत्येक देशाने ‘यांवर कर कमी करणार नाही’ अशा मालाच्या लांबलचक याद्या आधी बाजूला काढून ठेवल्या. शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूत झाली. त्यानंतर एकही नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या नाक्यांतून येणारे भारतीय सूत बंद केले. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीवरच्या नाक्यांतून येऊ देणे बंद केले. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना टाळ्या मिळाल्या. ते सूत ज्या कापसाचे, तो अकोट, दर्यापूर, तेल्हारा, मूर्तिजापूरच्या काळ्या मातीत येतो, हे त्या टाळ्यांत कोणाच्या ध्यानात असणार?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के कर लादला. कापड गिरण्यांना दिलासा म्हणून दिल्लीने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवला. म्हणजे नेमका वऱ्हाडातला कापूस घरात येण्याच्या वेळी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात क्विंटलला ८११० रुपये होता. तो मिळवायला ॲपवर नोंदणी करा, मग केंद्रावर जा, तिथे ओलावा बारा टक्क्यांच्या आत भरला पाहिजे. दिवाळीच्या आसपास वेचलेल्या कापसात दव असते, हे निसर्गाला माहीत आहे, नियमाला नाही. मीटरचा काटा चौदावर गेला की गाडी परत, आणि केंद्राच्या फाटकाबाहेर खासगी व्यापारी हजार-दीड हजाराने कमी भाव घेऊन उभाच असतो.

मोठी राष्ट्रे कराचे हत्यार उघड उगारू लागली की लहानांना शेजाऱ्याचाच आधार असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांना हे २००३ साली कळले. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाने जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो, असे ठणकावून सांगत हे चार गरीब देश एकत्र जागतिक व्यापार संघटनेत गेले. ब्राझीलने तर अमेरिकेवर दावा लावला, तो जिंकला, आणि २०१४ साली तडजोडीत ३० कोटी डॉलर वसूल केले. पडलेल्या भावाची तीच झळ यवतमाळ-अमरावतीच्या कास्तकारालाही बसत होती. आपल्या जिल्हा परिषदेत, आपल्या आमदारांच्या भाषणांत, आपल्या कापूस परिषदांत या चार देशांचे नाव किती वेळा निघाले? आपण आत्महत्यांचे पात्र-अपात्र ठरवण्यात आणि एक लाखाचा धनादेश कोणाच्या हस्ते द्यायचा या वादात गुंतलो होतो.

जगाशी आपली ओळख नवी नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीचे नाव तिथल्या दलालांच्या तोंडी बसले. १८६५ ला युद्ध संपले, भाव आपटला, सावकाराचे कागद मात्र राहिले. शेतमालाच्या नियमबद्ध बाजाराची देशातली सुरुवातही आपल्याकडची: १८८६ साली कारंजाला, आणि पुढे १८९७ चा बेरारचा बाजार कायदा. अभिमान वाटावा अशी गोष्ट! फक्त त्या बाजाराच्या कारभारात चालत असे ती व्यापाऱ्यांची. पिकवणाऱ्याला तिथे आवाज नव्हता. आज बाजार समितीवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी निवडून जातात. जाऊन पाहा त्यातले किती जण अडत्याच्या पैशाने निवडून येतात.

इंग्रज गेला, सावकारी कायदे झाले, १९७१ साली कापूस एकाधिकार खरेदीचा कायदा आला. कल्पना थोर होती: सगळा कापूस राज्याने घ्यायचा, दलाल हटवायचा, नफा झाला तर शेतकऱ्याला वाटायचा. तीस वर्षे ती चालली. बुडाली कशी, ते वऱ्हाडातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे, फक्त बोलत नाही. ग्रेडरने कापसात हात घालायचा, एक बोंड पिंजून पाहायचे आणि ओळखीच्या गाडीला वरची प्रत, बिनओळखीच्या गाडीला खालची. व्यापाऱ्याचा कापूस शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर विकला जायचा आणि सातबारा भाड्याने देणारा शेतकरी आपलाच चुलता-मामा असायचा. सरकारचा भाव वर असला की परराज्यातला कापूस आत यायचा, बाजाराचा भाव वर असला की इथला कापूस रात्री सीमेपार जायचा. चुकारे महिनोन्‌महिने रखडायचे. योजना सरकारने बुडवली हे खरेच, पण गळती आपण केली होती. सहकाराला आपण सरकारी समजलो, आणि सरकारी म्हणजे बेवारस.

सूतगिरण्यांची गत तीच. भागभांडवल शेतकऱ्याचे, कर्जाला हमी सरकारची, संचालक मंडळात साला-मेहुणा-भाचा. अकोल्याची सावतराम मिल केव्हाच बंद पडली. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता नांदगाव पेठेला पीएम मित्रा वस्त्रोद्योग पार्क येतो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याहून त्याचे भूमिपूजन झाले. येऊ द्या. पण तिथल्या यंत्रांना लागणारी गाठ इथल्या शेतकरी संस्थेची असेल की दुसऱ्या खंडातून बंदरावर उतरलेली, हे आपण संस्था उभ्या करतो की नाही यावर ठरेल. गावोगाव निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांतल्या कित्येक तर अनुदानाच्या फाइलीपुरत्या जन्मल्या आहेत.

एखाद्या बागेतला सौदा पाहा. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग नजरेने मोजतो, इसार देतो. पंधरा-वीस दिवसांनी तोडणीची टोळी येते. झाडाखाली ताडपत्री अंथरून छाटणी सुरू होते आणि सौद्यात नसलेला ‘चुरी’चा ढीग वाढत जातो. “भाऊ, तिकडं टॅक्स वाढला, मी काय करू?” बागवान गप्प. बाजार पडला तर व्यापारी इसारावर पाणी सोडून फोन बंद करतो. तोवर दुसरे गिऱ्हाईक निघून गेलेले असते. आता याच गावातले दोनशे बागवान एका सहीने म्हणाले असते की, लेखी करार आणि अर्धी रक्कम आधी, त्याशिवाय कोणी बाग देणार नाही, तर? म्हणत नाहीत. कारण दुसऱ्याच दिवशी एक जण रात्री व्यापाऱ्याच्या घरी जाऊन दोन रुपये कमी घेऊन सौदा करतो, आणि बाकीच्यांना तो चतुर वाटतो. राज्यातल्या द्राक्षवाल्यांच्या संस्थांनी १९९१ साली महाग्रेप्स काढली आणि युरोपात माल पोहोचवला. ते काही आपल्यापेक्षा देवमाणसे नव्हेत. त्यांनी प्रतवारीचा नियम एकमेकांवर लादला आणि पाळला, एवढेच.

पाण्याचे तर बोलायलाच नको. वरूड-मोर्शीचे भूजल अतिउपशात गेल्याला जमाना झाला. मोठ्या भावाने पाचशे फूट बोअर मारला की धाकटा बांधापलीकडे आठशे फूट मारतो. मोठ्याची विहीर आटली तरी धाकट्याच्या जिवाला काही वाटत नाही. सख्ख्या भावाचे पाणी ओढणारे आपण, ढाक्याने आपल्याशी सलोख्याने वागावे म्हणून निवेदन देतो!

याहून कडू गोष्ट आपल्याच जिल्ह्यात आहे. धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटचे दोन तालुके अमरावती जिल्ह्यातच येतात. सोयाबीन आणि हरभरा काढणीला तिथून कोरकू कुटुंबे पिकअपमध्ये कोंबून खाली सपाटीवर आणली जातात. शेताच्या धुऱ्यावर पाल ठोकून राहतात. लेकरे तिथेच, अंगणवाडी मागे डोंगरात. कुपोषणाच्या बातम्या येतात तेव्हा आपण हळहळतो, आणि हंगामात मुकादमाला फोन करून विचारतो, यंदा दोन पैसे कमीवाले मिळतील का? कापूस वेचणाऱ्या बाईचेही तेच. हमीभाव किती वाढावा यावर आपण तासभर बोलतो. वेचणीचा दर किलोमागे रुपयाने वाढवा म्हटले की बायका माजल्या. ज्या शेतात ती राबते, त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन गावोगाव जमिनी बायकांच्या नावे करायला लावल्या होत्या. आज ती हाक भाषणांतही उरलेली नाही. जगाच्या बाजारात न्याय मागणाऱ्या कास्तकाराला स्वतःच्या धुऱ्यावर न्याय द्यायचा नाही, हे ढोंग किती काळ चालवायचे?

पापळसारख्या खेड्यातून निघालेले डॉ. पंजाबराव देशमुख देशाचे कृषिमंत्री झाले, भारत कृषक समाज काढला आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले; अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर तिथे आले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने जगाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलावे, असे त्या माणसाला वाटत होते. आपण अकोल्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले, जयंतीला हार घालतो, आणि त्यांनी सांगितलेली संघटना मात्र निवडणुकीच्या पॅनेलपुरती ठेवली.

व्यापार करार दिल्ली-ढाक्यात होतील तेव्हा होतील. त्यासाठी दडपण आणायला संत्रा, कांदा आणि कापूस यांनी एका व्यासपीठावर यायला हवे, नाहीतर दर हंगामाला एकाचा बळी देऊन दुसरा वाचवला जाईल. त्याची सुरुवात तुमच्या गावच्या सेवा सहकारी सोसायटीतून होते. कायद्याने तिची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. दरवर्षी ती होते, पंधरा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ होते आणि मग मसालेभात-बुंदीची पंगत बसते. यंदा पंगतीआधी उभे राहा. लेखापरीक्षण अहवाल वाचून दाखवायला सांगा. थकबाकीदार संचालकांची नावे विचारा. चेअरमन तुमचा साडू असला तरी विचारा.