तारा जोडणाऱ्या मुलाचें पुढें काय?

बोईसरच्या एका वाचक भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. नांव प्रसिद्ध करूं नये अशी त्यांची इच्छा असल्यानें पत्राचा गोषवाराच येथें देतों. त्यांचा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे. डिप्लोमा झाल्यावर तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत लागला व गेलीं पांच वर्षें तेथील संगणकांच्या जाळ्याची देखभाल करीत आहे. आतां त्याला नोकरी सोडून सहा महिने 'सॉफ्टवेअरनें चालणारें डेटा सेंटर नेटवर्किंग' शिकावयाचें आहे. शिकविणारी संस्था भारी फी मागते व नोकरीची हमी देते. घरांत तेवढी रक्कम आहे. पण ती धाकट्या मुलीच्या नांवें ठेवलेली आहे. वडिलांचा सक्त विरोध आहे. "हें शिक्षण म्हणजे आहे तरी काय, आणि त्यासाठीं ती ठेव मोडावी काय?" असा त्या माउलीचा प्रश्न आहे.

प्रश्न एका घरचा दिसला, तरी पालघरपासून डहाणूपर्यंत तो अनेक घरांत आज विचारला जात असेल. म्हणून उत्तर खाजगी न पाठवितां येथेंच देत आहें.

प्रथम डेटा सेंटर म्हणजे काय तें पाहूं. पालघर स्टेशनाबाहेर आपण भाजीचे चाळीस रुपये मोबाईलवरून देतों. त्या व्यवहाराची नोंद क्षणार्धांत कोठल्यातरी इमारतींतील यंत्रांत होते. अशा हजारों यंत्रांना, म्हणजे सर्व्हरांना, थंड हवेंत व अखंड विजेवर ठेवणारी इमारत तें डेटा सेंटर. हीं यंत्रें रात्रंदिवस एकमेकांशीं बोलत असतात. त्यांचें बोलणें इकडून तिकडे पोंचविणाऱ्या पेट्या म्हणजे स्विच व राउटर, आणि त्या पेट्यांची व्यवस्था लावणें हाच त्या मुलाचा धंदा.

आजवर ही व्यवस्था पेटीगणिक लावीत. शंभर स्विच असले तर शंभर ठिकाणीं शिरून आज्ञा लिहावयाच्या. प्रत्येक स्विच आपल्यापुरता विचार करी, शेजाऱ्याला विचारी आणि माल पुढें ढकली. आपल्या पश्चिम रेल्वेचा दाखला घ्या. प्रत्येक स्टेशनमास्तर केवळ पुढच्या स्टेशनाला विचारून गाडी सोडूं लागला तर गाड्या चालतील खऱ्या. पण मेल कोठें पुढें काढावी, मालगाडी कोणत्या स्टेशनावर बाजूस घ्यावी, हें सबंध मार्ग डोळ्यांपुढें असणाऱ्या कंट्रोल ऑफिसालाच नीट ठरवितां येतें. नव्या पद्धतींत हेंच केलें आहे. माल वाहण्याचें काम स्विचांकडे राहिलें. मार्ग कसा असावा हें ठरविण्याचें काम कंट्रोलर नांवाच्या सॉफ्टवेअरकडे गेलें. माणूस आपला हेतु एकदां सांगतो आणि कंट्रोलर तो सर्व पेट्यांना समजावतो.

ही कल्पना आकाशांतून पडलेली नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मार्टिन कसाडो, निक मॅक्किओन प्रभृतींनीं या दिशेनें प्रयोग केले, व 2008 सालीं 'ओपनफ्लो' या पद्धतीचा निबंध प्रसिद्ध झाला. तारांची मांडणी तर त्याहूनहि जुनी आहे. टेलिफोन एक्सचेंजांसाठीं चार्ल्स क्लॉस यानें 1953 सालीं जी रचना गणितानें मांडली, तिचेंच रूप आजच्या डेटा सेंटरांत दिसतें. खालच्या ओळींतील प्रत्येक स्विच वरच्या ओळींतील प्रत्येक स्विचाला जोडलेला असतो. खालच्यांना पान म्हणतात, वरच्यांना कणा. त्यामुळें कोणत्याहि पानावरून दुसऱ्या कोणत्याहि पानावर जाण्यास सारखेच टप्पे लागतात आणि एक कणा निकामी झाला तरी वाहतूक दुसऱ्यावरून चालू राहते.

आणखी एक अडचण होती. एकाच इमारतींत अनेक गिऱ्हाइकांचीं जाळीं वेगळीं राखावयाचीं असतात. जुन्या व्हीलॅन पद्धतींत त्यांना देण्यास 4094 क्रमांक मिळत. 2014 सालीं प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन पद्धतींत ही संख्या 1 कोटी 67 लाखांवर गेली. एक पत्र दुसऱ्या लिफाफ्यांत घालून पाठवावें, तसा एका जाळ्याचा मजकूर दुसऱ्या जाळ्याच्या वेष्टनांतून जातो. ज्याला हा लिफाफा उघडून आंतलें पत्र वाचतां येतें, तोच बिघाड शोधूं शकतो.

आतां नोकरीचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेनें 2018 सालीं, देण्याघेण्याच्या व्यवहारांची माहिती भारतांतच साठविली पाहिजे असा आदेश काढला. अशा कारणांनीं देशांत डेटा सेंटरें वाढलीं. त्यांतील पुष्कळशीं ऐरोली, रबाळे, महापे या नवी मुंबईच्या पट्ट्यांत आहेत. म्हणजे काम खरें आहे. पण तें बोईसरच्या दारांत नाहीं. विरारपुढें डहाणूपर्यंत लोकल 2013 सालीं सुरू झाली, तरी दादर आणि ठाणें करीत ऐरोलीस जाऊन येण्यांत दिवसाचे सहा तासांच्या आसपास जातात, आणि हें काम पाळीचें, पुष्कळदां रात्रीचें असतें. पगाराचा आंकडा ऐकतांना तेथील खोलीचें भाडेंहि हिशेबांत धरावें.

या धंद्यांत माझा एक भाचा आहे. त्याची एक हकीगत सांगण्यासारखी आहे. पूर्वीं तोहि एका कारखान्यांतच होता. एका रात्रीं त्यानें केबलचें मोकळें टोक चुकून त्याच स्विचांत खोंचलें. संदेश गोल फिरूं लागले, एकाचे लाख झाले आणि सारें जाळें गुदमरलें. वजनकाटा बंद पडला, फाटकाशीं ट्रकांची रांग लागली. चूक कोणाची हें कोणालाच कळलें नव्हतें. पहांटे त्यानें स्वतःच साहेबांकडे जाऊन ती कबूल केली. पुढें नव्या विद्येची परीक्षा देऊन तो ऐरोलीस गेला. मागें भेटला तेव्हां म्हणाला, "मामा, तेव्हां माझ्या हातून एक कारखाना थांबला होता. आतां एका ओळीनें शेंकडों गिऱ्हाइकें थांबतील. आज्ञा लिहिणें दोन महिन्यांत येतें. ती पाठविण्यापूर्वीं थांबणें शिकायला मला दोन वर्षें लागलीं."

त्याच्या म्हणण्याला मोठा दाखला आहे. 4 ऑक्टोबर 2021 रोजीं फेसबुकमध्यें नेहमींच्या देखभालीच्या वेळीं दिलेल्या एका आज्ञेनें त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य मार्ग तुटले. अशी घातक आज्ञा अडविण्यासाठीं जें साधन ठेवलें होतें, त्यांतच दोष होता. सुमारें सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम जगभर बंद राहिले. सत्ता एका ठिकाणीं आली कीं चूकहि एका ठिकाणाहून सर्वत्र जाते. म्हणून बदल आधीं नकली जाळ्यावर करून पाहणें, तो थोड्या पेट्यांवर लावून थांबणें, आणि मागें फिरण्याची वाट आधीं तयार ठेवणें, हीं या विद्येचीं अर्धीं अंगें होत. जी शिकवणी हीं शिकवीत नाहीं ती अपुरी समजावी.

तेव्हां भगिनींना माझा पहिला सल्ला असा कीं, मुलानें नोकरी सोडूं नये. कारखान्यांतील पांच वर्षें हें त्याचें भांडवल आहे. तारा, पत्ते आणि मार्ग यांचें मूळ ज्ञान नव्या पद्धतींतहि तितकेंच लागतें. बीजीपीसारखी जुनी मार्गविद्या तर नव्या जाळ्याचा पायाच झाली आहे. सोळा जीबी स्मृतीचा एक साधा संगणक असला तर मिनिनेट किंवा कंटेनरलॅब या विनामूल्य साधनांनीं घरच्या टेबलावर दहा-वीस स्विचांचें नकली जाळें उभें करतां येतें. लिनक्स व पायथन यांचा अभ्यास त्याच यंत्रावर होतो. आय. आय. टी.च्या प्राध्यापकांचीं संगणक-जाळ्यांवरील व्याख्यानें एनपीटीईएलवर फुकट ऐकतां येतात. त्यानें रोज दीड तास याप्रमाणें तीन महिने करून पाहावें. पान-कण्याचें जाळें उभारून, मुद्दाम बिघडवून, पुन्हां दुरुस्त करतां आलें तर विद्या त्याची झाली. मग परीक्षेच्या फीला मागेंपुढें पाहूं नये. तीन महिन्यांत गोडी लागली नाहीं, तर ठेव मोडली नाहीं याबद्दल देवाचे आभार मानावे.

दुसरा सल्ला संस्थेविषयीं. नोकरीची हमी लेखी मागावी. नोकरी न लागल्यास किती फी परत मिळेल हें कागदावर घ्यावें. पूर्वीं शिकून गेलेल्या दोघांना स्वतः भेटावें. आणि एकाच कंपनीच्या पडद्यावरील बटनें शिकविणाऱ्यापासून सावध राहावें. व्हीएमवेअर ही या क्षेत्रांतील मोठी कंपनी 2023 च्या नोव्हेंबरांत ब्रॉडकॉमनें विकत घेतली, आणि पुढच्याच महिन्यांत कायमचे परवाने विकणें बंद केलें. तेव्हां कित्येक गिऱ्हाइकें दुसरा मार्ग शोधूं लागलीं. ज्यांना केवळ तीं बटनें ठाऊक होतीं ते चिंतेंत पडले. ज्यांना बटनामागील तत्त्व ठाऊक होतें त्यांना नवें साधन शिकण्यास फार दिवस लागत नाहींत.

राहिला ठेवीचा प्रश्न. पत्राच्या शेवटीं, जातांजातां लिहावें तसें, एक वाक्य आहे: मुलगी पालघरच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्रांत बी. एस्सी. झाली असून सध्यां घरीं मुलांच्या शिकवण्या घेते. चार पानांच्या पत्रांत तिच्याविषयीं एवढेंच! ठेव तिच्या नांवें, विद्या मुलाच्याच विषयाला लागून असलेली. आणि घरांत तिला कोणी विचारल्याचा उल्लेखहि नाहीं. वडिलांचा विरोध कळला, मुलाचा हट्ट कळला, आईची काळजी कळली. जिचे पैसे तिचें मत मात्र कळलें नाहीं.

म्हणून माझें उत्तर असें. ठेव तूर्त मोडूं नये. घरांत एक बरा संगणक घ्यावा आणि बहीण-भावांनीं त्यावर एकत्र अभ्यास करावा. भावाला तारांचा अनुभव आहे, बहिणीला प्रोग्रॅम लिहितां येत असेल; नव्या धंद्याला दोन्ही लागतात. तीन महिन्यांनीं त्या पैशांचें काय करावें तें मुलीलाच विचारावें, आणि ती सांगेल तें ऐकावें. कदाचित् परीक्षेचा अर्ज दोघांचाहि जाईल. काय ठरलें तें मला अवश्य कळवावें. पुढील पत्र त्या मुलीनें लिहिलें तर अधिक आनंद होईल.